जुळलेल्या मजकुराचं बिल: लेक्सर-पार्सरमधली मेमरी कितीला पडते?

फ्लेक्स फुकट, बायसन फुकट, लेमन तर सार्वजनिक मालकीचं. पार्सर बांधायला रुपयांत काहीच मोजावं लागत नाही, म्हणून बरेच जण हिशेबच मांडत नाहीत. बिल येतं ते बाइटमध्ये, प्रोसेसरच्या वेळात आणि ‘ही स्ट्रिंग फ्री कुणी करायची’ हे शोधण्यात गेलेल्या संध्याकाळींमध्ये. तिसरी बाब बहुतेकदा पहिल्या दोन्हींपेक्षा महाग पडते.

प्रश्न साधा आहे. लेक्सरने फाइलमधून एखादा शब्द, आकडा किंवा अवतरणचिन्हातला मजकूर ओळखला. ती अक्षरं आता ठेवायची कुठे, किती काळ आणि कुणाच्या नावावर? याची पाच-सहा उत्तरं प्रचलित आहेत. अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकात लेक्स-याक करणारा विद्यार्थी असो, की कंपनीत कॉन्फिगरेशन फाइल किंवा अहवालाची छोटी भाषा वाचणारा कोड लिहिणारा असो, यांतलं एक उत्तर त्याने निवडलेलंच असतं. फक्त ते निवडलंय हे त्याला ठाऊक नसतं.

तुलनेसाठी एक नमुना धरू. ६४ बिटांचं लिनक्स, त्यावरची नेहमीची ग्लिबसी लायब्ररी आणि १० लाख टोकनांची फाइल. प्रत्येक टोकन सहा इंग्रजी अक्षरांचं आणि दोन टोकनांमध्ये एक मोकळी जागा. म्हणजे फाइल ७० लाख बाइटची. पुढचे आकडे या नमुन्यावर कागदावर मांडलेले आहेत. तुमच्या फाइलचे आकडे घालून तुम्ही स्वतः पडताळून पाहा.

उसना मजकूर: किंमत शून्य, मुदत एका टोकनाची

मूळ लेक्स माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी १९७५ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. हेच श्मिट पुढे गूगलचे प्रमुख झाले. आज आपल्या हाती असतं ते व्हर्न पॅक्सन यांनी लिहिलेलं फ्लेक्स. नियम जुळला की फ्लेक्स दोन गोष्टी देतं: वायवायटेक्स्ट, म्हणजे मजकुराकडे बोट दाखवणारा पॉइंटर, आणि वायवायलेंग, म्हणजे त्याची लांबी. यात कॉपी अशी कुठेच होत नाही. पॉइंटर फ्लेक्सच्या स्वतःच्या वाचन-बफरमध्येच दाखवत असतो. मजकूर सी भाषेतल्या स्ट्रिंगसारखा संपावा म्हणून फ्लेक्स टोकनाच्या लगेच पुढचं अक्षर बाजूला जपून ठेवतं आणि त्या जागी शून्य बाइट लिहितं. पुढचं टोकन मागितलं की जपलेलं अक्षर परत जागेवर जातं.

इथेच पहिला फटका बसतो. फाइलमध्ये ‘दर=५०’ असं लिहिलंय आणि तुम्ही ‘दर’ जुळल्यावर वायवायटेक्स्टचा पॉइंटर तसाच उचलून पार्सर बांधत असलेल्या वाक्यरचनेच्या झाडात ठेवला. पुढचं टोकन वाचलं की तोच पॉइंटर ‘दर=’ दाखवू लागतो आणि त्याच्या पुढचं वाचलं की ‘दर=५०’. मजकूर कुणी बिघडवलेला नाही, फक्त शेवटची खूण पुढे सरकली आहे. वायवायटेक्स्टवरचा तुमचा हक्क एसटीतल्या आरक्षित आसनासारखा आहे: तुमचा थांबा आला की संपला, मग तिथे कोण येऊन बसतं याची तक्रार करता येत नाही.

पार्सर बनवणारं बायसन जोडलं की घोळ वाढतो. कोणता नियम लावायचा हे ठरवायला पार्सरला बरेचदा एक टोकन पुढे डोकवावं लागतं. त्यामुळे व्याकरणाच्या कृतीत वायवायटेक्स्ट वाचलं, तर हाती आलेला मजकूर चालू टोकनाचा की पुढच्या, हे त्या नियमावर अवलंबून राहतं. काही नियमांत बरोबर चालतं, काहींत नाही. ही तक्रार इतकी जुनी आहे, की बायसनच्या माहितीपुस्तिकेतल्या नेहमीच्या प्रश्नांमध्ये तिला स्वतंत्र जागा दिलेली आहे. साधा नियम: वायवायटेक्स्टला लेक्सरच्या कृतीबाहेर हात लावायचा नाही.

दुसरा फटका उशिरा बसतो. फ्लेक्सच्या बफरचा नेहमीचा आकार १६,३८४ बाइट असतो. तो संपत आला की अर्धवट राहिलेलं टोकन बफरच्या सुरुवातीला सरकवलं जातं आणि पुढे नवा मजकूर भरला जातो. टोकनच बफरपेक्षा मोठं निघालं तर बफर वाढवलं जातं आणि तसं होताना त्याचा पत्ताही बदलू शकतो. म्हणून ‘पॉइंटर आणि लांबी दोन्ही जपून ठेवल्या, आता शून्य बाइटची भानगड नाही’ असं म्हणणाऱ्याचा कोड छोट्या चाचणी-फाइलवर बिनबोभाट चालतो आणि ग्राहकाच्या ४० केबीच्या फाइलवर भलतेच शब्द छापतो.

फ्लेक्समध्ये वायवायटेक्स्टला पॉइंटरऐवजी ॲरे करण्याचीही सोय आहे. मग प्रत्येक टोकन एका ठरावीक ॲरेत कॉपी होतं, नेहमीची मर्यादा ८,१९२ बाइट. जुन्या लेक्ससाठी लिहिलेला कोड चालवायचा असेल तर ठीक आहे, एरवी घेऊ नका. कॉपीचा खर्च भरूनही मजकूर पुढच्या टोकनापर्यंतच टिकतो, लांब टोकनाला लेक्सर त्रुटी दाखवून थांबतो आणि सी प्लस प्लसच्या स्कॅनर-क्लासबरोबर ही सोय चालतही नाही.

उसना मजकूर फुकट असला, तरी जागच्या जागी वापरून संपवायचा असेल तेव्हाच घ्यावा. आकड्याचं टोकन आलं, तिथल्या तिथे पूर्णांक केला, मजकूर सोडून दिला. राखीव शब्द आला, त्याचा क्रमांक परत दिला, मजकूर सोडून दिला. बऱ्याच भाषांमध्ये टोकनांचा मोठा वाटा अशा खुणा, कंस, आकडे आणि राखीव शब्दांचाच असतो. त्यांची कॉपी करणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

स्ट्रडप: दिसायला स्वस्त

वरचा फटका बसला की सगळे धावतात ते स्ट्रडपकडे. एक ओळ लिहिली, मजकुराची कॉपी झाली, प्रश्न मिटला. हे फंक्शन पॉझिक्समध्ये फार पूर्वीपासून आहे आणि आता सी२३ च्या मानकातही आलं आहे. वापरायला सोपं आहे यात वाद नाही. त्याची किंमत मात्र कुठे छापलेली नसते.

ग्लिबसीचं मॅलॉक ६४ बिटांच्या मशिनवर ३२ बाइटपेक्षा लहान तुकडा देतच नाही. त्यातले २४ बाइट तुमच्या वापराला येतात. सहा अक्षरं आणि शेवटचा शून्य बाइट मिळून सात बाइट हवेत, तरी ३२ कापले जातात. एका अक्षराच्या ‘क्ष’ नावाच्या चलालाही ३२. पंचविसावा बाइट लागला की थेट ४८. आपल्या नमुन्यात १० लाख टोकनांचे ३ कोटी २० लाख बाइट मजकुराला आणि प्रत्येक टोकनात ठेवलेल्या पॉइंटरचे ८ बाइट धरून आणखी ८० लाख. एकूण ४ कोटी. सत्तर लाख बाइटची फाइल वाचायला तिच्या साडेपाच पटींहून जास्त मेमरी गेली. शिवाय १० लाख वेळा मॅलॉक आणि १० लाख वेळा फ्री, हा वेळाचा खर्च वेगळाच.

आता फ्री कोण करणार? स्ट्रिंग लेक्सरने घेतली, बायसनच्या स्टॅकवर गेली, तिथून झाडात जायला हवी. सगळं सुरळीत झालं तर झाडाचा मालक ती सोडेल. पण वाक्यरचनेची चूक आली, की बायसन स्टॅकवरची चिन्हं एकेक करून टाकून देतं, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या स्ट्रिंगाही वाऱ्यावर. आज्ञावली एकदा चालून संपणारी असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम सगळं परत घेते, काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र चुकीची विनंती येईल तितक्या वेळा गळती होते. म्हणजे सर्वांत वाईट ग्राहक तुमची सर्वांत जास्त मेमरी खातो.

यावर बायसनने डिस्ट्रक्टर दिला आहे. एखाद्या प्रकाराच्या चिन्हाला ‘टाकताना फ्री कर’ अशी सूचना एकदा लिहून ठेवायची. त्रुटीतून सावरताना टाकलेली चिन्हं, पार्सर मध्येच थांबला तर स्टॅकवर उरलेली चिन्हं आणि पुढचं डोकावून घेतलेलं टोकन या सगळ्यांना तो लागू होतो. एक जादा फायदाही आहे: डिस्ट्रक्टर असलेल्या चिन्हाचं मूल्य एखाद्या नियमात वापरलंच नाही, तर बायसन इशारा देतं. ‘घोषणा: प्रकार नाव अर्धविराम’ अशा नियमात प्रकाराची स्ट्रिंग विसरली गेली, तर ती चूक चालवण्याआधीच सापडते. स्ट्रडप घ्यायचंच असेल तर डिस्ट्रक्टरशिवाय घेऊ नका.

डिस्ट्रक्टरच्या अटी मात्र बारीक अक्षरात आहेत. नियमाची कृती नीट पार पडली, तर उजव्या बाजूच्या मूल्यांची जबाबदारी पूर्णपणे तुमची; तिथे तो चालत नाही. कृतीतून तुम्ही स्वतः वायवायएरर उठवला, तरी त्या नियमाच्या उजव्या बाजूची चिन्हं आपोआप सोडली जात नाहीत. ती आधी फ्री करायची, मग चूक उठवायची. सर्वांत खट्याळ अट तिसरी: पार्सिंग यशस्वी झालं की सुरुवातीच्या चिन्हावरही डिस्ट्रक्टर चालतो. झाडाचा शेंडा तुम्ही एका ग्लोबल चलात ठेवला आहे आणि झाडाच्या प्रकाराला डिस्ट्रक्टर लावला आहे, तर पार्सर ‘सर्व ठीक’ असं परत येतो आणि तुमच्या हातातलं झाड आधीच तोडलेलं असतं. इलाज सोपा आहे, मूळ चिन्हाच्या कृतीत झाड बाहेर सोपवायचं आणि त्या चिन्हाचं मूल्य रिकामं करायचं. पण तो ठाऊक असावा लागतो.

छोट्या कामाला स्ट्रडप आणि डिस्ट्रक्टर ही जोडी चालते. ज्यात टोकनं हजारांत आहेत आणि कोड पुढे कुणी वाढवणार नाही, तिथे घ्या. टोकनं लाखांत गेली की बाइटपेक्षा मालकीचा हिशेब ठेवणंच जड जातं.

मजकूर जागेवरच, फक्त पत्ता घ्या

तिसरा पर्याय असा, की संपूर्ण फाइल मेमरीत ठेवायची आणि टोकनाने फक्त ‘इथून इतकं’ असं टिपून ठेवायचं. चार बाइटचं स्थान आणि चार बाइटची लांबी धरली तर टोकनामागे ८ बाइट. आपल्या नमुन्यात ८० लाख आणि फाइलचे ७० लाख, एकूण दीड कोटी. स्ट्रडपच्या चार कोटींशी तुलना करा. मॅलॉक एकच, फाइलसाठी. फ्री एकच.

एसक्यूलाइट हेच करतं. तिथलं टोकन म्हणजे एक पॉइंटर आणि एक लांबी, दोन्ही मूळ एसक्यूएलच्या मजकुरात दाखवणारे. लेमन हे रिचर्ड हिप यांचं पार्सर बनवणारं साधन त्याला जोडलेलं आहे, आणि लेमनमध्ये उलटी व्यवस्था आहे: पार्सर लेक्सरला हाक मारत नाही, लेक्सर पार्सरला टोकन नेऊन देतो. त्यामुळे टोकनाची मुदत कुठे संपते हे डोळ्यासमोर राहतं. पुढे झाडात नोंद करायची वेळ आली की एसक्यूलाइट त्या नोंदीची मेमरी घेतानाच शेवटी थोडी जादा जागा घेतं आणि मजकूर तिथे कॉपी करतं. नोंद आणि मजकूर एकाच तुकड्यात, म्हणून फ्री एकदाच. छोटा पूर्णांक असेल तर मजकूर कॉपीच होत नाही, थेट संख्या ठेवली जाते. कॉपी करायचीच असेल तर कुठे करावी, याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

या पर्यायाच्या तीन अटी. पहिली, टोकनाच्या शेवटी शून्य बाइट नसतो. स्ट्रिंगवरची सी भाषेतली नेहमीची फंक्शनं तिथे चालवलीत तर ती फाइलच्या टोकापर्यंत वाचत सुटतील. दुसरी, अवतरणचिन्हातल्या मजकुरात उलट्या तिरप्या रेघेच्या खुणा असतील तर उलगडलेला मजकूर मूळ फाइलमध्ये कुठेच नसतो, तो वेगळा बांधावा लागतो. रॅपिडजेसनमध्ये यावर एक धीट तोडगा आहे: उलगडलेला मजकूर मूळ बफरमध्येच, जागच्या जागी लिहायचा. जेसनमध्ये हे जमतं, कारण उलगडलेलं रूप मूळ लिखाणापेक्षा कधीच लांब होत नाही. सहा बाइटांत लिहिलेला ‘म’चा सांकेतिक क्रमांक उलगडला की तीन बाइटांत बसतो. फक्त मूळ फाइल नंतर कुणाला दाखवायची असेल तर ती आता तशी उरलेली नसते.

तिसरी अट सर्वांत महाग आहे: एक छोटा तुकडा जपला तरी संपूर्ण फाइल जपावी लागते. सी मध्ये हे निदान दिसतं तरी. कचरा स्वतः गोळा करणाऱ्या भाषांमध्ये ते दडून बसतं. जावामध्ये ७ अपडेट ६ पर्यंत सबस्ट्रिंग मूळ अक्षरांचा ॲरे वाटून घेत असे. दहा अक्षरांचं एक नाव मॅपमध्ये ठेवलं, की त्याच्यामागे ५० एमबीची फाइल अडकून पडायची. २०१२ मध्ये जावाने ही वाटणी बंद करून कॉपी सुरू केली. गो मध्ये ती अजून आहे, आणि म्हणूनच १.१८ या आवृत्तीत स्ट्रिंगची मुद्दाम कॉपी करणारं क्लोन हे फंक्शन आलं. क्रोम आणि नोडमागचं व्हीएट इंजिनही १३ किंवा जास्त अक्षरांचा तुकडा कापताना मूळ स्ट्रिंगकडे बोट दाखवून मोकळं होऊ शकतं. पायथन स्ट्रिंगचा तुकडा कापताना कॉपी करतो, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. मात्र प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र ऑब्जेक्टचा भार लागतो. तेव्हा गो किंवा जावास्क्रिप्टमध्ये पार्सर लिहून त्यातलं थोडंसंच दीर्घकाळ ठेवणार असाल, तर ठेवायच्या क्षणी कॉपी करा.

फ्लेक्सबरोबर हा पर्याय हवा असेल तर फाइल स्वतः वाचून वायवाय-स्कॅन-बफरला द्या. बफरच्या शेवटी दोन शून्य बाइट सोडावे लागतात, तेवढं सांभाळा. त्याचं भावंड वायवाय-स्कॅन-स्ट्रिंग मात्र आधी सगळ्या मजकुराची कॉपी करून घेतं. नावं इतकी सारखी आहेत, की ७ एमबीचे १४ कधी झाले ते कळत नाही.

आरिना: घाऊक भावात

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी इथे थांबावं. आरिना म्हणजे मेमरीचा मोठा तुकडा आधीच घेऊन ठेवायचा आणि त्यातून हवा तितका मजकूर एकामागोमाग एक ठेवत जायचं. सुटं सुटं फ्री करायचं नाहीच. काम संपलं की सगळा आरिना एकदम परत. सात बाइटच्या टोकनाला सातच बाइट लागतात. आपल्या नमुन्यात मजकुराचे ७० लाख आणि पॉइंटरचे ८० लाख, पुन्हा दीड कोटी. मूळ फाइल लगेच सोडून देता येते आणि प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइटही मिळतो. त्रुटीतून सावरताना कोणतं चिन्ह टाकलं, कोणतं राहिलं, याची चिंता नाही. डिस्ट्रक्टर लिहायचीही गरज नाही.

पोस्टग्रेसचा एसक्यूएल पार्सर फ्लेक्स आणि बायसननेच बांधलेला आहे. तो स्ट्रिंगा फ्री करत बसत नाही. मेमरी मागायला पॅलॉक आणि मागे एक मेमरी-कॉन्टेक्स्ट. विनंतीचं काम झालं किंवा मध्येच चूक आली, की तो कॉन्टेक्स्ट एकदम रिकामा होतो. अवतरणातला मजकूर तुकड्यातुकड्याने जुळतो, म्हणून तो आधी एका वाढत्या बफरमध्ये गोळा होतो आणि पूर्ण झाल्यावर त्याची एकच नेमकी कॉपी काढली जाते. खुद्द बायसनचा स्वतःचा लेक्सरही ग्नूच्या ऑब्स्टॅक या आरिनासारख्या सोयीवर स्ट्रिंगा वाढवतो. साधन बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी काय घेतलं हे पाहिलं की दुकानदाराच्या शिफारशीची गरज उरत नाही.

आरिना कुठे नडतो? ज्या कामाला शेवटच नाही तिथे. कोड एडिटरसाठी पार्सर लिहिताय, माणूस दर सेकंदाला काही टंकतोय आणि झाडाचा एखादाच भाग बदलतोय, तर जुना मजकूर आरिनात साचत राहतो. तिथे फाइलीमागे किंवा फंक्शनमागे वेगळा आरिना ठेवावा लागतो. आणि आरिना परत केल्यावर त्यातला एकही पॉइंटर बाहेर राहता कामा नये. त्रुटीच्या संदेशात चलाचं नाव छापायचं आहे, संदेश नंतर छापला जाणार आहे आणि आरिना आधीच गेला आहे, ही या पर्यायातली नेहमीची चूक. बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट दारात कॉपी करायची.

एकदाच लिहा, क्रमांकाने ओळखा

मोठ्या कोडमध्ये तीच तीच नावं पुन्हा येतात. आपल्या १० लाख टोकनांत वेगळे शब्द २०,००० च आहेत असं समजा. प्रत्येक शब्द हॅश टेबलमध्ये एकदाच ठेवला आणि टोकनात फक्त चार बाइटचा क्रमांक ठेवला, तर टोकनांचे ४० लाख बाइट. टेबल अगदी ऐसपैस धरलं, शब्दामागे ५० बाइट, तरी आणखी १० लाख. एकूण ५० लाख, म्हणजे मूळ फाइलपेक्षाही कमी. दोन नावं सारखी आहेत का हे पाहायला अक्षरं जुळवावी लागत नाहीत, क्रमांक जुळले की झालं. क्लँग कंपायलर ओळखनावांसाठी हेच करतो: एका नावाची एकच नोंद, सगळी टोकनं तिच्याकडेच बोट दाखवतात. संख्या आणि अवतरणातल्या मजकुरासाठी मात्र तो मूळ फाइलमधलाच पत्ता ठेवतो. नाव पुन्हा पुन्हा येतं, मजकूर सहसा एकदाच, म्हणून दोघांना वेगळा भाव.

किंमत? टोकनामागे एक हॅश काढणं, आणि टेबल सहसा कधी आटत नाही ही गोष्ट. ग्राहकांचे पत्ते, संदेश, दूरध्वनी क्रमांक असा दर वेळी नवा मजकूर या टेबलात भरलात, तर ती सावकाश होणारी गळतीच आहे. बाहेरून येणाऱ्या विनंत्या वाचणाऱ्या सर्व्हरवर तर एखादा खोडसाळ माणूस मुद्दाम लाखो वेगळी नावं पाठवू शकतो. तिथे टेबल विनंतीपुरतं ठेवा, नाहीतर त्याला मर्यादा घाला.

मराठी मजकुराला जादा आकार

हा भाग परदेशी पुस्तकांत मिळत नाही, म्हणून थोडा थांबून. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचेही वेगळे तीन तीन. ‘महाराष्ट्र’ हा शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा. स्ट्रडपला तो ४८ बाइटला पडतो.

सी प्लस प्लसची स्ट्रिंग लहान मजकूर स्वतःच्या पोटातच ठेवते आणि मॅलॉक टाळते. जीसीसीबरोबरच्या लायब्ररीत ही सोय १५ बाइटपर्यंत, एलएलव्हीएमच्या लायब्ररीत २२ पर्यंत. इंग्रजी ओळखनावांना १५ बाइट बहुधा पुरतात. आपल्याकडे ‘मुंबई’ आणि ‘नाशिक’ बरोबर १५ बाइटला काठोकाठ बसतात. ‘नागपूर’ १८ बाइटचं, ते बाहेर पडतं. मग स्ट्रिंगचे ३२ आणि मॅलॉकचे ३२ मिळून ६४ बाइट. एलएलव्हीएमच्या लायब्ररीत तेच नागपूर २४ बाइटच्या स्ट्रिंगमध्ये सुखाने राहतं. जिल्ह्यांच्या नावांची मोठी सीएसव्ही वाचत असाल तर हा फरक खरा आहे, आणि इंग्रजी नमुन्यावर केलेलं मोजमाप इथे लागू पडत नाही.

पोस्टग्रेसमध्ये तक्त्याच्या किंवा स्तंभाच्या नावाला ६३ बाइटची नेहमीची मर्यादा आहे. त्यापुढचं नाव कापलं जातं. देवनागरीत ती २१ चिन्हं झाली. मराठी नावं देणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. आणि टोकन बाइटच्या हिशेबाने स्वतः कापत असाल तर तीनच्या मध्ये सुरी चालवू नका. अर्धं चिन्ह साठवलं तर ते पडद्यावर चौकोन होऊन परत येतं.

पैसे मोजण्यापूर्वी तपासून घ्या

ॲड्रेससॅनिटायझर लावून चाचणी करा, आज्ञावली साधारण दुप्पट सावकाश चालते आणि लिनक्सवर गळतीचा अहवालही मिळतो. वॅलग्राइंडला नव्याने कंपाइल करावं लागत नाही, पण ते २० ते ३० पट वेळ घेतं. दोन्ही उत्तम, पण दोन्हींची एक मर्यादा जाणून असा. उसना वायवायटेक्स्ट जपून ठेवण्याची चूक ही साधनं पकडतीलच असं नाही. फ्लेक्सचं बफर अजून जिवंत आहे, त्या पत्त्यावर वाचणं कायदेशीर आहे, फक्त तिथला मजकूर बदललेला आहे. साधन गप्प राहतं, उत्तर चुकतं.

ती चूक पकडायला एक युक्ती. कंपाइल करताना फ्लेक्सच्या बफरचा आकार १६,३८४ ऐवजी ६४ बाइट असा ठरवून द्या; तशी मुभा फ्लेक्सच्या कोडमध्ये आहे. आता बफर सतत सरकतं, लांब टोकन आलं की वाढतं, आणि चुकीचे पॉइंटर दहा ओळींच्या फाइलवरच उघडे पडतात. जोडीला मुद्दाम बिघडवलेल्या फाइली चालवा: अवतरणचिन्ह न मिटलेली, कंस मध्येच तुटलेली, शेवटची ओळ अर्धी. गळती बहुधा त्रुटीच्या वाटेवरच सापडते. शेवटी वायवायलेक्स-डिस्ट्रॉय बोलवायला विसरू नका, नाहीतर फ्लेक्सचं स्वतःचं बफरच गळती म्हणून दिसत राहील आणि खरी गळती त्याच्याआड लपेल.

एक्सएमएलसाठी एक्सपॅट वापरणाऱ्यांना वेगळी सूचना: तिथे मजकूर तुमच्या फंक्शनला पॉइंटर आणि लांबी म्हणून मिळतो, शेवटी शून्य बाइट नसतो, आणि एकाच परिच्छेदाचा मजकूर अनेक हप्त्यांत येऊ शकतो. पहिल्याच हप्त्याला संपूर्ण समजणारा कोड महिनोन्‌महिने चालतो आणि एके दिवशी नावातलं अर्धं आडनाव गायब करतो. ॲंटलर वापरत असाल तर तिथलं टोकन मूळ प्रवाहातलं सुरुवातीचं आणि शेवटचं स्थानच जपतं. फाइल प्रचंड आहे म्हणून बफर न ठेवणारा प्रवाह निवडलात, तर टोकन बनवताना मजकूर कॉपी करण्याची सूचनाही द्यावी लागते. रस्टवाल्यांचं बिल कंपायलर आधीच वसूल करतो: मजकूर उसना घेतला तर त्याची मुदत प्रकारातच लिहावी लागते, आणि ‘बहुतेक वेळा उसना, कधीकधी स्वतःचा’ यासाठी काऊ हा प्रकार तयार मिळतो.

कुणी काय घ्यावं

महाविद्यालयातलं प्रात्यक्षिक: स्ट्रडप आणि डिस्ट्रक्टर. परीक्षकाने ‘मेमरी कुठे सोडता?’ असं विचारलं तर उत्तर तयार असतं. एकदा चालून संपणारी आज्ञावली: आरिना, आणि संपताना फ्री करण्याचा अट्टहास नको. कायम चालणारा सर्व्हर: विनंतीमागे एक आरिना, बाहेर जाणाऱ्या गोष्टींची दारात कॉपी. कंपायलर किंवा कोड तपासणारं साधन: फाइल मेमरीत ठेवा, नावांना क्रमांक द्या, बाकी मजकुराचा फक्त पत्ता. एडिटर: फाइलीमागे वेगळा आरिना, आणि थोडा संयम.

आणि आधीपासून चालू असलेला कोड हाती आला असेल, तर मेमरी मोजायच्या आधी त्यात वायवायटेक्स्ट कुठे कुठे आलंय ते शोधा. लेक्सरच्या फाइलबाहेर एकदाही सापडलं, तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करा.